सातव्या होलचे दोन प्रायोजक

एका रविवारी सकाळी आमच्या गोल्फ क्लबच्या कार्यालयात पाच मिनिटांच्या अंतराने दोन गृहस्थ आले. एक चष्म्याच्या दुकानाचे मालक होते, दुसरे दंतवैद्य. दोघांनाही सातव्या होलच्या टीवर, म्हणजे मैदानाच्या सातव्या टप्प्याचा पहिला फटका जिथून मारतात तिथे, लागलेला आपापल्या नावाचा फलक पाहायचा होता. दोघांच्या हातात करारपत्र होते, दोन्ही करारपत्रांवर ‘होल क्र. ७, एकमेव प्रायोजक’ असे छापलेले होते, आणि सातव्या टीवर फलक तर सोडाच, फलकाच्या खांबासाठी खणलेला खड्डासुद्धा नव्हता. क्लबचा मानद सचिव मी होतो. दोन्ही करारपत्रांना जोडलेल्या पत्राखाली सही माझी होती.

हा अनुभव मी लिहितो आहे तो मुख्यतः माझ्यासारख्या, म्हणजे नोकरी-व्यवसाय सांभाळून एखाद्या छोट्या क्लबचे काम विनामोबदला पाहणाऱ्या लोकांसाठी. फसवणूक करणाऱ्याने आमच्याकडून एक पैसाही घेतला नाही. त्याने आमच्याकडून पत्र घेतले आणि ते दाखवून पैसे इतरांकडून घेतले. आपल्या खिशातून काही जात नाही म्हटल्यावर आपल्याला कोणी फसवत असेल ही शंकाच मनात येत नाही, आणि आमच्या कार्यकारिणीतील सात जणांपैकी एकाच्याही मनात ती आली नाही.

आमचा क्लब नऊ होलचा आहे. अठरा होलचा खेळ करायचा असेल तर त्याच मैदानाला दोन फेऱ्या माराव्या लागतात. सभासदांच्या वर्गणीत गवत कापणे, ग्रीनची (चेंडू ज्या खळग्यात घालायचा त्याभोवतालच्या बारीक कापलेल्या हिरवळीची) निगा, पाणी आणि यंत्रांची दुरुस्ती एवढे जेमतेम भागते. नवीन काही करायचे म्हटले की प्रायोजक शोधावे लागतात. होलचे प्रायोजकत्व हा त्यातला सर्वांत जुना आणि सोपा प्रकार आहे. टीजवळ एक फलक असतो, त्यावर होलचा क्रमांक, लांबी, पार (तो होल पूर्ण करायला अपेक्षित फटक्यांची संख्या) आणि होलची आकृती असते, आणि खाली एखाद्या व्यवसायाचे नाव. पुढचे खेळाडू पल्ल्याबाहेर जाईपर्यंत मागच्यांना टीवर थांबावेच लागते, त्यामुळे तो फलक खरोखरच वाचला जातो. व्यावसायिकांना हे पटते, आणि म्हणूनच या व्यवहाराच्या नावाखाली पैसे मागणे सोपे जाते.

आमचे जुने फलक गंजले होते. अशा वेळी एका जाहिरात संस्थेचा प्रतिनिधी भेटायला आला. नऊ नवे फलक, वर्षभर पुरतील एवढी स्कोअरकार्डे आणि मैदानाचा रंगीत नकाशा, हे सर्व क्लबला विनामूल्य मिळणार होते. खर्च जाहिरातींतून निघणार होता. क्लबने फक्त दोन गोष्टी द्यायच्या होत्या: लेटरहेडवर एक पत्र आणि क्लबशी व्यवहार असलेल्या व्यावसायिकांची यादी. फुकट ते पौष्टिक, या न्यायाने आम्ही दहा मिनिटांत ठराव मंजूर केला. त्याच बैठकीत चेंडू धुण्याचे यंत्र कोणत्या रंगाचे असावे यावर आम्ही अर्धा तास घालवला होता, हेही नमूद केले पाहिजे.

पत्राचा मसुदा त्यानेच आणला होता. आमच्या मनात होते ते एवढेच की फलक तयार करण्याचे काम या संस्थेला दिले आहे. मसुद्यात मात्र वाक्य असे होते की सदर संस्थेला ‘क्लबच्या वतीने प्रायोजकत्व स्वीकारण्याचा’ अधिकार देण्यात येत आहे. पत्र किती तारखेपर्यंत चालेल, किती फलकांसाठी आहे, एका होलला किती प्रायोजक घेता येतील, यांपैकी काहीच त्यात नव्हते. मी ते वाचले, एका शब्दाची वेलांटी दुरुस्त केली आणि सही करून शिक्का मारला. पुढे आमच्या वकिलांनी ‘क्लबच्या वतीने’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि काही न बोलता कागद माझ्याकडे सरकवला. ज्याला आपण आपला प्रतिनिधी म्हणून लोकांसमोर उभे करतो, त्याने आपल्या नावावर केलेल्या व्यवहाराची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते, हे त्यांना मला वेगळे सांगावे लागले नाही.

पत्रापेक्षाही मला जास्त बोचते ती यादी. आम्हाला खत पुरवणारे, गवत कापण्याच्या यंत्राची पाती धार लावून देणारे, छपाई करणारे आणि ज्यांचे स्वतःचे व्यवसाय आहेत असे सभासद, अशी सगळी नावे दूरध्वनी क्रमांकांसह आम्ही देऊन टाकली. या लोकांना फोन गेले तेव्हा त्यांना वाटले की क्लबच विचारतो आहे. नाही म्हटले तर उद्या काम दुसऱ्याला जाईल. विक्री करणाऱ्याने ही भीती बरोबर ओळखली होती. ‘तुमच्याच व्यवसायातील दुसऱ्या एकाने हा होल मागितला आहे, पण क्लबची इच्छा आहे की आधी आपल्याला विचारावे,’ असे तो प्रत्येकाला सांगत असे, आणि छपाई संध्याकाळीच सुरू होणार असल्याने अर्धी रक्कम लगेच पाठवावी लागेल असेही. कोणालाही क्लबला विचारून घ्यायला वेळ मिळू नये अशीच ती मुदत होती. चष्म्याच्या दुकानाचे मालक मला नंतर म्हणाले, ‘सचिवसाहेब, मी दिवसभर लोकांना बारीक अक्षरे वाचायला लावतो, आणि स्वतः करारपत्राची मागची बाजू उलटून पाहिली नाही.’

मागच्या बाजूला काय होते ते आम्ही पुढे त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच भिंगाखाली वाचले. करार एका वर्षाचा असल्याचे तोंडी सांगितले होते, प्रत्यक्षात तो तीन वर्षांचा होता. मुदत संपण्याच्या नव्वद दिवस आधी लेखी कळवले नाही तर तो आपोआप पुन्हा तीन वर्षांसाठी वाढणार होता. फलक कधी लावणार याची तारीख नव्हती आणि स्कोअरकार्डे किती छापणार याची संख्याही नव्हती. ‘एकमेव प्रायोजक’ या शब्दांना एक तारांकन जोडले होते, आणि तळाशी त्याचा अर्थ दिला होता: एकमेव म्हणजे त्या फलकाच्या त्या चौकटीपुरता एकमेव.

मधल्या काळात आम्हाला सावध होण्याची एक चांगली संधी मिळाली होती. संस्थेने स्कोअरकार्डाचे प्रूफ, म्हणजे छपाईपूर्वीचा नमुना, पाठवले. त्यावर नऊ होलच्या पारची बेरीज ३६ होती; आमची ३४ आहे. स्ट्रोक इंडेक्समध्ये, म्हणजे दोन फेऱ्यांतल्या होलच्या अवघडपणाच्या क्रमवारीत, १ ते १८ हे आकडे प्रत्येकी एकदाच यायला हवेत, कारण हँडिकॅपचे फटके (कमी कसलेल्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत) कोणत्या होलवर मिळायचे ते त्यावरून ठरते. या प्रूफमध्ये ५ दोनदा होता आणि ११ नव्हताच. मागच्या बाजूला नियम होते, आणि त्यात हरवलेला चेंडू शोधण्यासाठी पाच मिनिटे दिली होती. गोल्फचे नियम २०१९ मध्ये मोठ्या प्रमाणावर बदलले, तेव्हा ही मुदत तीन मिनिटांवर आली. चेंडू हातातून मैदानावर सोडून पुढे खेळायची वेळ आली तर तो खांद्याच्या उंचीवरून सोडण्याऐवजी गुडघ्याच्या उंचीवरून सोडावा असे ठरले, आणि पाण्याच्या अडथळ्यासाठीचा ‘वॉटर हॅझर्ड’ हा शब्द जाऊन त्या जागी ‘पेनल्टी एरिया’ आला. प्रूफवर तिन्ही ठिकाणी जुनेच नियम होते. म्हणजे ते दुसऱ्याच कोणत्या तरी क्लबचे, २०१९ पूर्वीचे कार्ड होते आणि त्यावर फक्त आमचे बोधचिन्ह चिकटवले होते. आम्ही काय केले? लाल शाईने सगळ्या चुका दुरुस्त करून प्रूफ परत पाठवले. ‘सूचना मिळाल्या, आभारी आहोत,’ असे उत्तर तासाभरात आले, आणि त्या तत्परतेचे आम्ही कौतुक केले.

याच लोकांनी आमच्या वार्षिक स्पर्धेसाठी ‘होल इन वन’चे बक्षीसही जमवून दिले. तिसऱ्या, पार तीनच्या होलवर जो पहिल्या फेरीत एका फटक्यात चेंडू होलमध्ये घालेल त्याला मोटारगाडी मिळणार होती. हा प्रकार मुळात खोटा नाही. गाडी प्रत्यक्षात विमा कंपनीच्या पैशांतून दिली जाते, आणि प्रायोजक फक्त विम्याचा हप्ता भरतो. खरा विमा उतरवताना खेळाडूंची संख्या, टीपासून होलपर्यंतचे अंतर, व्यावसायिक खेळाडू आहेत का आणि होलजवळ साक्षीदार कोण असतील, हे सर्व आधी लिहून घेतले जाते, कारण हप्ता त्यावरच ठरतो. आम्हाला यातले काहीही विचारले गेले नाही. एका वाहनविक्रेत्याकडून हप्त्याची रक्कम घेतली गेली आणि आम्हाला सोनेरी किनारीचे एक प्रमाणपत्र मिळाले, ज्यावर विमा कंपनीचे नाव नव्हते आणि पॉलिसी क्रमांकही नव्हता.

फसवणारा यात फारसा धोका पत्करत नाही. सर्वसाधारण हौशी खेळाडूने पार तीनच्या एखाद्या होलवर होल इन वन करण्याची शक्यता साधारण १२,५०० मध्ये एक अशी सांगितली जाते. आमच्या स्पर्धेत ६० खेळाडू होते. या हिशेबाने अशा दोनशेहून अधिक स्पर्धा झाल्या तर त्यांतल्या एखाद्या स्पर्धेत गाडी द्यायची वेळ येणार. बाकी सर्व ठिकाणचा हप्ता खिशात. आमच्या स्पर्धेत एका शाळकरी मुलाचा चेंडू झेंड्याच्या काठीला लागला आणि होलपासून हातभर अंतरावर थांबला. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. आज ती हळहळ आठवली की माझ्या अंगावर काटा येतो, कारण तो चेंडू आत गेला असता तर गाडी द्यायला क्लबशिवाय कोणीही उरले नसते.

त्या रविवारी दोन्ही गृहस्थांना बसवून मी संस्थेला फोन लावला. क्रमांक बंद होता. दुसऱ्या दिवशी आमच्या एका सभासदाने संस्थेच्या संकेतस्थळाच्या नोंदणीची तारीख पाहिली. संस्था पंधरा वर्षे या क्षेत्रात असल्याचे पत्रकावर छापले होते, आणि संकेतस्थळाची नोंदणी झाली होती ती आमची पहिली भेट होण्याच्या पाच महिने आधी. ही तपासणी करायला त्याला दोन मिनिटे लागली. पत्ता होता तो टपाल स्वीकारण्याची सोय भाड्याने देणाऱ्या एका इमारतीचा. यादीतील प्रत्येकाला मी स्वतः फोन केला. नऊ होल एकतीस जणांना विकले गेले होते. पहिला होल सहा जणांनी घेतला होता, कारण पहिल्या टीवर गर्दी जास्त असते.

पैसे कसे दिले होते यावर पुढचे बरेच काही ठरले. ज्यांनी क्रेडिट कार्डाने रक्कम भरली होती त्यांनी बँकेकडे तातडीने आक्षेप नोंदवला, आणि सेवा मिळालीच नाही हे दाखवण्यासाठी क्लबने त्यांना लेखी पत्र दिले. त्यांच्यापैकी बहुतेकांची रक्कम परत आली. ज्यांनी थेट खात्यात पैसे जमा केले होते त्यांचे पैसे निघून गेले होते. आक्षेपाला मुदत असते, त्यामुळे ‘फलक लागेल, थोडी वाट पाहू’ असे म्हणत ज्यांनी महिने घालवले त्यांच्या हाती कार्ड असूनही काही लागले नाही. पोलिसांकडे तक्रार करताना मी आमचे पत्र, ठरावाची प्रत आणि लाल शाईचे प्रूफ जोडले. ते जोडताना लाज वाटली, पण लपवले असते तर एकतीस जणांनी ते आमच्याविरुद्ध जोडले असते.

तीन आठवड्यांनी फसलेल्यांपैकी काही जणांना नवे फोन येऊ लागले. बुडालेली रक्कम वसूल करून देतो, फक्त कागदपत्रांचा खर्च आधी भरा, असे सांगणारा माणूस कोणी किती पैसे दिले आणि कोणता होल घेतला हे अचूक जाणत होता. ही माहिती पहिल्या संस्थेकडेच होती. एका सभासदाने तोही खर्च भरला.

आता आमच्या प्रायोजकत्वाच्या पत्रावर होलचा क्रमांक, प्रायोजकाचे नाव आणि शेवटची तारीख असते, रक्कम थेट क्लबच्या खात्यात येते आणि पावती खजिनदार देतात. फलक बनवणाऱ्याला आम्ही पैसे देतो आणि तो प्रायोजकांशी बोलत नाही. त्याने विनामूल्य काही देऊ केले तर ते बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर स्वतंत्र विषय म्हणून घेतले जाते, आणि तशा विषयावर दहा मिनिटांत ठराव होत नाही.

क्लबने स्वतःच्या खर्चाने नऊ साधे फलक करून घेतले आणि एकतीस जणांची नावे त्यांवर कोणतेही शुल्क न घेता लिहायची असे ठरवले. सातव्या टीच्या फलकावर चष्म्याचे दुकान आणि दंतवैद्य शेजारीशेजारी आहेत. चार जणांनी आपले नाव कुठेही घालू नये असे कळवले. त्यांत गवत कापण्याच्या यंत्राची पाती धार लावून देणारे गृहस्थ होते. गेली अनेक वर्षे ते महिनाअखेरीस बिल पाठवत असत. काम ते आजही करतात, पण पाती न्यायला येतात तेव्हा पैसे आधी मागतात, आणि आम्ही ते देतो.