स्टील बॅकप्लेट आणि विंग: प्लेट एक नंबर, सोबतचे वेट पॉकेट्स मात्र घेऊ नका

आधीच सांगतो, हे स्कूबा डायव्हिंगचं सामान आहे: पाठीला धातूची प्लेट, मागे हवेची टाकी आणि दोन्हींच्या मध्ये तरंगण्यासाठी हवा भरायची पिशवी, म्हणजे विंग. वर्षातून एकदा मालवण किंवा अंदमानला जाऊन भाड्याच्या जॅकेटमध्ये (प्लेट-विंगऐवजी अंगात घालायचं, हवा भरायचं जॅकेट) डाईव्ह मारणाऱ्यांनी हा खर्च करू नये. ऑक्टोबर ते मे जमेल तसं कोकणात पळणारे आमच्यासारखे जे येडे आहेत त्यांच्यासाठी लिहितोय, कारण ठाण्यात बसून हे सामान हातात घेऊन बघायची सोय नाही, फोटो बघूनच ऑर्डर मारावी लागते, आणि फोटोत वजन दिसत नाही.

मी घेतलेला सेट म्हणजे ३ मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची प्लेट, अखंड पट्ट्याचा साधा हार्नेस (खांद्या-कमरेचे पट्टे), क्रॉच स्ट्रॅप (दोन पायांमधून जाणारा पट्टा), एका टाकीपुरती साधारण १४ किलो लिफ्टची, म्हणजे तेवढं वजन तरंगवणारी विंग, आणि कमरेच्या पट्ट्यात ओवायचे, बुडण्यासाठी शिसं ठेवायचे दोन वेट पॉकेट्स. कस्टम ड्युटी धरून चांगल्या जॅकेटपेक्षा महागच पडला.

आता प्लेटचं कौतुक. नुसती प्लेट हार्डवेअर काढून लगेजच्या काट्याला लावली तर अडीच किलो भरली. पाण्यात स्टीलचं साधारण आठवा हिस्सा वजन जातं, म्हणजे हातात येतात २.२ किलो. वर जॅकेटमधलं पॅडिंग स्वतःच तरंगतं, ते बुडवायला किलोभर शिसं फुकट लागायचं, तेही वाचलं. मी ८० किलोचा माणूस, ३ मिलिमीटरचा फुल वेटसूट, अॅल्युमिनियमची नेहमीची ११ लिटरची टाकी, समुद्रात जॅकेटसोबत कमरेला ६ किलो लावायचो, ते आता ३ वर आलंय. आणि हे प्लेटचं वजन कमरेला लोंबत नाही, पाठीला फुफ्फुसांच्या मागे सपाट बसतं, म्हणजे जिथे शरीर सगळ्यात जास्त तरंगतं नेमकं तिथेच. पाय खाली जाऊन वाळू उडवायची सवय निम्मी तिथेच गेली.

पण म्हणून सगळ्यांनी स्टीलच घ्या असं नाही हां. माझ्या बायकोला हीच प्लेट घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या पूलमध्ये लावून दिली, ती बारीक, अंगात नुसता रॅश गार्ड (पोहायचा पातळ टी-शर्ट), तिला गोड्या पाण्यात एक ग्रॅमही शिसं लागत नाही, तर ती सरळ तळाला जाऊन बसली आणि विंगमध्ये सारखी हवा भरत राहिली. वरून वॉचमन काका विचारतायत, मॅडम ठीक आहेत ना. अशांसाठी अॅल्युमिनियमची प्लेट, ती किलोभराच्या आत असते आणि पाण्यात अर्धा किलोच्या आसपासच जाणवते.

पूलवरून आठवलं, तिथलं वजन समुद्रात चालत नाही हे लोक विसरतात. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड, म्हणजे माणूस आणि सामान मिळून १०० किलो असेल तर खाऱ्या पाण्यात अडीच किलो जास्त लागणार. मला पूलमध्ये अर्धा किलो पुरतं, तारकर्लीला तीन. शिवाय टाकी भरलेली असताना आत अडीच-पावणेतीन किलो हवाच असते, टाकीतला दाब ५० बारवर येईपर्यंत त्यातली दोन किलो संपलेली असते, आणि अॅल्युमिनियमची टाकी शेवटी शेवटी वर ओढायला लागते. म्हणून वजनाची चाचणी डाईव्ह सुरू करताना नाही, संपताना करायची. वर येण्याआधीच्या ५ मीटरच्या स्टॉपला, ५० बार उरलेले, विंग पूर्ण रिकामी, नेहमीचा श्वास, आणि तरी जागेवर थांबता आलं पाहिजे. वर सटकत असाल तर अर्धा किलो वाढवा, विंगमध्ये बरीच हवा ठेवूनच थांबता येत असेल तर काढा. इन्स्ट्रक्टर लोक पाहुण्यांना घाईत दोन किलो जास्तच बांधतात, त्यांचंही बरोबर आहे, त्यांना माणूस खाली ठेवायचा असतो, पण स्वतःच्या सेटवर तो आकडा घेऊन फिरू नका.

१४ किलोची लिफ्ट कमी पडेल का असं ग्रुपवर विचारत होते. एक टाकी आणि पातळ सूट असेल तर भरपूर आहे. वीस-पंचवीस किलोची विंग स्वस्तात मिळते म्हणून घेतली तर ती पातोळीच्या हळदीच्या पानासारखी दोन्ही बाजूंनी टाकीभोवती मिटते आणि हवा एका कोपऱ्यात अडकून बसते, काढता काढता वैताग.

आता तक्रार, ती पॉकेट्सबद्दल. दोन्ही पॉकेट्सचं झाकण नुसत्या वेल्क्रोवर. खारं पाणी आणि बारीक वाळू लागली की वेल्क्रोची पकड गेलीच, आणि बोटीवरून पाठमोरी उडी मारली की आतलं शिसं झाकणाला आतून धक्का देतं. माझं एक झाकण पहिल्याच सीझनमध्ये उघडून एक किलो तळाला गेलं, दीड मीटर व्हिजिबिलिटीत कोण शोधणार. कंपनीला मेल केला तर म्हणे वेल्क्रो वॉरंटीत येत नाही. शिवाय पॉकेटच्या तळाला जाळी नाही, पाणी साठतं, बोटीवर चढताना ते पण वजन उचला.

उपाय ठाण्यातच सापडला. गाडीचे सीट कव्हर शिवणारे असतात ना, त्यांच्याकडे जाड नायलॉन दोरा, जाड कापडावर चालणारं मशीन आणि पितळी आयलेट (भोकाला बसवायची कडी) सगळं असतं. आमच्या इथल्या काकांना जुना पॉकेट नमुना म्हणून दिला आणि सांगितलं की झाकणावर वेल्क्रोऐवजी क्लिपवालं बकल, तळाला दोन आयलेट, आणि मागचा पट्टा दोन इंची वेबिंग (हार्नेसचा विणलेला पट्टा) आरपार जाईल एवढा. काकांनी चौकोन शिवून आत फुली मारली, वरून दोन किलोचं शिसं घालून स्वतःच चारदा आपटून बघितलं आणि मग पैसे घेतले. जोडीचे साडेतीनशे. अजून दोरा हललेला नाही.

याच काकांकडून दोन छोटे खिसे टाकीच्या वरच्या पट्ट्यासाठी पण शिवून घेतले, एकेक किलोचे. पण हे लावायच्या आधी टाकी पट्ट्यात दोन-तीन इंच वर-खाली करून बघा, फुकटात तोल बराच सुधारतो. नाहीतर लोक शिशाची खरेदीच करत बसतात.

सुटं वजन किती ठेवायचं यावर माझं मत असं की सगळंच प्लेटला पक्कं बोल्ट करू नये. विंग फाटली तर खालून पायाच्या जोरावर वर येता आलं पाहिजे आणि वर आल्यावर काहीतरी टाकून देता आलं पाहिजे. माझे ३ किलो म्हणजे दोन कमरेच्या पॉकेटमध्ये, तिथल्या तिथे काढता येणारे, एक टाकीच्या वरच्या पट्ट्यावर. ज्यांना जाड सूटमुळे जास्त लागतं त्यांनी सरळ वेगळा वेट बेल्ट बांधावा, फक्त तो क्रॉच स्ट्रॅपच्या वरून. मालवणला बोटीवर दादा लोक सवयीने आधी बेल्ट बांधतात आणि मग सामान चढवतात, मग बेल्ट सोडला तरी क्रॉच स्ट्रॅपमध्ये अडकून राहतो. माझा सेट बघून एकाने विचारलंच, हेका खिशे खंय आसत? त्यांना आधीच सांगून ठेवा, आधी सेट, बेल्ट शेवटी.

वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीत प्लेट कापून घेऊ का असं बरेच जण विचारतात. घ्या की, पण ३१६ ग्रेडचाच पत्रा सांगा, मधल्या दोन भोकांमध्ये ११ इंच अंतर ठेवा नाहीतर कुठलीच विंग बसणार नाही, आणि पट्टा जातो त्या प्रत्येक खाचेची धार घासून गोल करून घ्या. कोऱ्या धारेने वेबिंग कुरतडली जाते, आणि ती नेमकी खांद्यामागे, दिसत पण नाही.

तुतारी एक्स्प्रेसने कुडाळला जायचं असेल तर वजनाचं काही टेन्शन नाही, प्लेट सीटखाली. विमानाने अंदमानला जाताना १५ किलोच्या बॅगेत अडीच किलो स्टील आणि हार्नेसचं हार्डवेअर खुपतं, पण तेवढं शिसं तिकडे कमी घ्यावं लागतं म्हणून मी तरीही नेतो, चेक-इन बॅगेतच, केबिनमध्ये नको. शिसं मात्र कधीच न्यायचं नाही, ते सगळीकडे मिळतं. शक्य असेल तर कोटिंगवालं मागा, उघड्या शिशाने बोटं काळी होतात, त्याच हाताने वडापाव खाऊ नका.

प्लेट आणि हार्नेसला पाचपैकी पाच, विंगला चार कारण डंप व्हॉल्व्हची (हवा सोडायच्या झडपेची) दोरी फार आखूड आहे, पॉकेट्सला एक. ऑर्डर देताना पॉकेट्स वगळून किंमत विचारा, विचारलं तर कमी करून देतात.