एक भाडेकरार, चार खाती: महाराष्ट्राच्या ऑनलाइन नोंदणी सेवेचे परीक्षण

नोंदणी व मुद्रांक विभागाची ऑनलाइन लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी घर भाड्याने देण्याचा करार) नोंदणी ही सेवा चांगली आहे. घरबसल्या करार होतो, दुय्यम निबंधक कार्यालयात रांग लावावी लागत नाही, आणि हातात येणारा दस्त पक्का असतो. तक्रार आहे ती त्यापुढच्या प्रवासाबद्दल. भाडेकरूचे घर टिकवायचे तर या कागदाशी चार खात्यांचा संबंध येतो. नोंदणी महसूल विभागाकडे, भाडे नियंत्रण कायदा गृहनिर्माणकडे, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे म्हणजे गृह विभागाकडे आणि सोसायटी सहकार खात्याकडे. पहिल्या खात्याचे काम सुरळीत होते. तिथून पुढे कागद घेऊन आपल्यालाच फिरावे लागते.

आधी कायदा, कारण एजंटसुद्धा तो अर्धाच सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार प्रत्येक भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करार इथे चालत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के प्रवेशाला तो पुढे केला की हे लगेच कळते.

‘अकरा महिने’ ही सवयही इथे निरर्थक आहे. केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, म्हणून दिल्ली-बंगळुरूकडे अकरा महिन्यांचा करार करून नोंदणी टाळतात. महाराष्ट्रात मुदत कितीही असो, नोंदणी करावीच लागते. मग दर अकरा महिन्यांनी तोच खर्च पुन्हा कशाला?

हिशोब करून पाहा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते तीन रकमांच्या बेरजेवर लागते: पूर्ण मुदतीचे भाडे, परत न मिळणारे डिपॉझिट असल्यास ते, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेले व्याज. भाडे २०,००० आणि डिपॉझिट १ लाख असेल तर ११ महिन्यांचे भाडे २,२०,००० आणि व्याज ९,१६७ रुपये. बेरीज २,२९,१६७, शुल्क साधारण ५७३ रुपये. हाच करार ३६ महिन्यांचा केला तर ७,२०,००० अधिक ३०,०००, म्हणजे शुल्क १,८७५. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ती कराराची मुदत कितीही असली तरी तेवढीच. तीन वेळा अकरा महिने केले तर शुल्क आणि फी मिळून ४,७०० च्या वर जातात आणि मिळतात ३३ महिने. एकदम ३६ महिन्यांचा केला तर २,८७५ रुपयांत भागते. दस्त हाताळणी शुल्क आणि एजंटची फी यात धरलेली नाही, तीही तीनदा द्यावी लागते. भाडेवाढीची काळजी असेल तर वर्षागणिक वेगवेगळे भाडे त्याच करारात नोंदवता येते. मुदत ६० महिन्यांच्या आत ठेवा.

सेवेची पद्धत अशी. मिळकत ज्या जिल्ह्यात आहे तो जिल्हा निवडून पासवर्ड बनवायचा, टोकन क्रमांक मिळतो. मग मिळकत, पक्षकार, भाडे व मुदत, इतर अटी हे टप्पे भरायचे. मसुदा तयार होतो, तो इथेच शांतपणे वाचायचा. ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीतून शुल्क आणि फी भरायची. त्यानंतर आधारची पडताळणी, थंब म्हणजे बोटाचा ठसा आणि वेबकॅमवरचा फोटो. शेवटी दस्त दुय्यम निबंधकाकडे सादर होतो. थंबचे यंत्र आपल्याकडे नसते, म्हणून बहुतेक जण अधिकृत सेवा पुरवठादाराला किंवा एजंटला घरी बोलावतात. मालक आणि भाडेकरू एका ठिकाणी असण्याची गरज नाही, दोघांचे थंब वेगवेगळ्या दिवशी घेता येतात. परदेशात राहणाऱ्या मालकाला मात्र कुलमुखत्यारपत्राची तयारी आधी करावी लागते. अशा अनिवासी मालकाला भाडे देताना भाडेकरूने टीडीएस (भाड्यातून आधीच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापायचा असतो, तेही विसरू नका.

बिघडते कुठे? पहिली अडचण थंबची. वयस्कर माणसे, धुण्याभांड्याची किंवा बांधकामाची कामे करणारे, यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि आधारशी जुळत नाहीत. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून दुसरे बोट लावून पाहावे. तरीही जमले नाही तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्यावे, आणि हे घर बदलायच्या आठवड्यावर ढकलू नये. दुसरी अडचण मिळकतीच्या वर्णनाची. सोसायटीचे नाव सगळ्यांना पाठ असते, पण मौजे, सर्व्हे नंबर किंवा सिटीएस (शहर भूमापन) नंबर कुणालाच सांगता येत नाही. मालकाच्या सूची क्रमांक २ वरून (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) किंवा मालमत्ता कराच्या बिलावरून ते आधीच उतरवून घ्या. चूक राहिली तर निबंधक शेरा मारून दस्त परत पाठवतात, दुरुस्ती होते आणि थंब पुन्हा द्यावे लागतात.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज वेगळाच आहे. थंब झाले, पैसे भरले, पावती आली म्हणजे करार झाला, असे लोक धरतात. निबंधकाने दस्त स्वीकारून नोंदणी क्रमांक दिल्यावरच करार नोंदला जातो. तोपर्यंत पूर्ण डिपॉझिट देऊ नये. एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या पीडीएफवरही थांबू नये. दस्त क्रमांक, वर्ष आणि कार्यालय टाकून विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ स्वतः काढून पाहावी.

मसुद्यात कोणते कलम वाचायचे? रद्द करण्याचे. तयार मसुद्यात एका महिन्याच्या नोटिशीने करार संपवण्याची तरतूद असते. ती तशीच राहिली तर ३६ महिन्यांचा करारही नोटीस आली की महिन्यात संपू शकतो. लॉक-इन, म्हणजे करार मध्येच न तोडण्याचा किमान काळ, लिहून घ्या आणि ते दोघांवर बंधनकारक करा. भाडेकरूने मध्येच सोडले तर दंड, मालकाने काढले तर काहीच नाही, असा एकतर्फी लॉक-इन सर्रास दिसतो. ‘इतर अटी’च्या रकान्यात रंगकाम, पंखे-गिझरची यादी आणि डिपॉझिट किती दिवसांत परत द्यायचे हेही टाका.

आता बाकीची तीन खाती. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकाने द्यायची असते, महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर ती भरता येते. नोंदणी झाली म्हणजे ही माहिती आपोआप पोचली, या भरवशावर राहू नये. अर्जाची पोचपावती दोघांनी जपावी. सोसायटीला पूर्वसूचना, कराराची प्रत आणि ही पोचपावती द्यायची. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ चा शासन निर्णय आहे. ते मालकाकडून घ्यायचे असते, पण करारात गप्प राहिलात तर भाडेकरूच्या गळ्यात पडते.

गृहनिर्माण खात्याच्या भाडे नियंत्रण कायद्यात पारडे उघड मालकाकडे झुकलेले आहे. मुदत संपूनही घर सोडले नाही तर कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. तिथे नोंदवलेला करार हाच निर्णायक पुरावा, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने भरपाई. भाडेकरूला आपली बाजू मांडण्यासाठी समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन परवानगी मागावी लागते. ही तारीख चुकली की म्हणणे मांडायची संधीच जाते. समन्स आले की त्याच आठवड्यात वकील गाठा. उलट मालकाने डिपॉझिट अडकवले तर भाडेकरूला या प्राधिकाऱ्याकडे जाता येत नाही, दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता उरतो. एका लाखासाठी तिथे कोण जाणार? केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी डिपॉझिट २ महिन्यांच्या भाड्याइतके मर्यादित आहे, आणि दोन्ही पक्षांना जाता येईल असे भाडे प्राधिकरण आहे. तमिळनाडूने २०१७ च्या आपल्या कायद्यातच असे प्राधिकरण आणले. महाराष्ट्राकडे नोंदणीची यंत्रणा आधीच तयार आहे, वर्षानुवर्षांचे करार संगणकावर आहेत. त्यावर डिपॉझिटच्या तक्रारीसाठी एक दार उघडणे अवघड नाही, आणि ते अजून उघडलेले नाही याचा राग येतो.

गुण द्यायचे तर नोंदणीला पाचपैकी चार, पुढच्या समन्वयाला दीड. तोवर डिपॉझिट रोखीने देऊ नका. बँकेतून पाठवा आणि व्यवहार क्रमांक करारात लिहा. घर सोडताना मीटरचे आकडे आणि चाव्यांची संख्या लिहिलेल्या ताबापत्रावर मालकाची सही घ्या, आणि डिपॉझिट परतीची तारीखही त्याच कागदावर येऊ द्या.