आयरिश घराण्याचा शोध: आधी फुकटची दफ्तरं की आधी वर्गणी?

नातीसाठी दोन्हीकडची वंशावळ लिहायची ठरली, तेव्हा आमची बाजू तासाभरात झाली. कुलवृत्तांत कपाटातच होता. जावयाची बाजू आयर्लंडच्या मेयो काउंटीतली; ती लिहायला आख्खा हिवाळा गेला. कुठे पैसे भरावेत आणि कुठे भरण्याची घाई करू नये, हे त्या हिवाळ्यात कळलं. हल्ली मराठी घरांत आयरिश सून-जावई नवे राहिलेले नाहीत, म्हणून हे सगळं शेजारी-शेजारी मांडते आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. ३० जून १९२२ ला, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला सरकारी दफ्तरखाना जळाला. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणना जवळजवळ पूर्ण गेल्या, शेकडो चर्चची बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदींची पुस्तकं गेली, मृत्युपत्रं गेली. १८६१ ते १८९१ च्या जनगणना तर सरकारनं आधीच स्वतः नष्ट केल्या होत्या. त्यामुळे कोणतीही कंपनी ‘सगळ्या आयरिश नोंदी’ देऊ शकत नाही. जे उरलं त्यातलं बरंच फुकट आहे.

फुकटात पहिली जागा १९०१ आणि १९११ च्या जनगणनेची. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर कुटुंबप्रमुखानं सही केलेला मूळ कागद दिसतो. घराचं छप्पर गवताचं की कसं, समोर खिडक्या किती, आयरिश बोलता येते का, हे सगळं कळतं. १९११ च्या कागदात लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि त्यांतली किती हयात आहेत, तेही विचारलं आहे. ‘झाली नऊ, हयात सहा’ असं वाचलं की पुढच्या रकान्यावर लवकर जाववत नाही. मात्र वयावर विसंबू नका. जावयाची खापरपणजी १९०१ मध्ये ५८ वर्षांची आणि १९११ मध्ये ७१ वर्षांची आहे. १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन मिळू लागली, आणि अनेकांची जन्माची सरकारी नोंदच नव्हती. म्हणून अशी उडी घरोघरी दिसते. दुसरी उणीव मोठी आहे. जन्मस्थानाच्या रकान्यात आयर्लंडमध्ये जन्मलेल्यांची फक्त काउंटी लिहिलेली असते, गाव नाही.

दुसरी जागा आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई हे सरकारी संकेतस्थळ. सर्वांच्या जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली (कॅथलिक सोडून इतरांची लग्नं १८४५ पासून). १०० वर्षांपूर्वीचे जन्म, ७५ वर्षांपूर्वीची लग्नं आणि ५० वर्षांपूर्वीचे मृत्यू इथे मूळ पानाच्या छायाचित्रासह बघता येतात. जन्माच्या पानावर आईचं माहेरचं नाव असतं, लग्नाच्या पानावर दोघांच्या वडिलांची नावं आणि व्यवसाय. माझ्या मते नवख्या माणसानं पहिला महिना इथेच काढावा. जन्मतारीख बाप्तिस्म्यानंतरची दिसली तर गोंधळू नका: नोंदीची मुदत उलटली की दंड होता, म्हणून आईबाप तारीख पुढे सरकवून सांगत. बाप्तिस्म्याची तारीख खरी धरावी.

१८६४ च्या मागे जायचं म्हणजे चर्चची पुस्तकं, आणि खरी निवड इथे करावी लागते.

एका बाजूला राष्ट्रीय ग्रंथालयानं २०१५ मध्ये खुली केलेली कॅथलिक पॅरिशची, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीची, पुस्तकं. साधारण १८८० पर्यंतची, फुकट आणि मूळ पानांची छायाचित्रं. पण त्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येत नाही. पॅरिश माहीत हवी आणि पानं एकेक करून चाळावी लागतात. अक्षर फिकट, मजकूर बऱ्याचदा लॅटिन: जेम्सचा जाकोबुस होतो, विल्यमचा गुलिएल्मुस. दुसऱ्या बाजूला रूट्सआयर्लंड, म्हणजे काउंटीवार केंद्रांनी वाचून उतरवलेल्या नोंदी. वर्गणी आहे, मूळ पानाचं छायाचित्र नाही. पण आईबापांच्या नावांवरून एका जोडप्याची सगळी मुलं एकत्र काढता येतात. हे काम हातानं करायला आम्हाला तीन आठवडे लागले होते.

दोन्हींतलं एकच घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आधी फुकटच्या नोंदींतून नावांची यादी करा, मग रूट्सआयर्लंडची एकाच महिन्याची वर्गणी घेऊन ती यादी संपवा, आणि सापडलेली प्रत्येक नोंद ग्रंथालयाच्या मूळ पानावर ताडून बघा. उतरवणाऱ्याचीही चूक होते. शिवाय ब्रिजेट हीच कुठे बिडी, कुठे डीलिया असते, आणि आडनावाचा ‘ओ’ एका पिढीत गळून पुढच्या पिढीत परत येतो.

घराणं केरीचं किंवा डब्लिन शहराचं असेल, तर ही वर्गणी घेण्याआधी थांबा. तिथल्या चर्चच्या बऱ्याच नोंदी आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयईवरच फुकट आहेत.

जमिनीच्या नोंदींत ग्रिफिथची आकारणी, म्हणजे करासाठी घर-जमिनीचं मूल्य ठरवलेली यादी, १८४७ ते १८६४. आपल्या सातबाऱ्याच्या जवळची वाटते: जमीनदार कोण, कूळ कोण, क्षेत्र किती. ‘आस्क अबाउट आयर्लंड’ या संकेतस्थळावर नकाशासकट फुकट बघता येते. बायकामुलांची नावं नाहीत, फक्त ज्याच्या नावावर घर-जमीन तो माणूस. पण टाउनलँड, म्हणजे आपल्या वाडीएवढी जागा, नेमकी कळते. एकाच टाउनलँडमध्ये दोन पॅट्रिक असले तर कंसात बापाचं नाव जोडलेलं सापडतं. ही खूण आम्हाला लगेच ओळखू आली.

वर्गणीच्या मोठ्या संकेतस्थळांपैकी अ‍ॅन्सेस्ट्री की फाइंडमायपास्ट, या प्रश्नाचं उत्तर माणूस कुठे गेला त्यावर आहे. भावंडं अमेरिकेला गेली असतील तर अ‍ॅन्सेस्ट्री. तिकडची जनगणना आणि जहाजांच्या याद्या तिथे भरपूर आहेत. घराणं आयर्लंडातच राहिलं किंवा कुणी फौजेत गेलं असेल तर फाइंडमायपास्ट. तिथे स्थानिक न्यायालयांची पुस्तकं आहेत, तुरुंगाची आहेत, कुत्र्यांच्या परवान्यांचीही आहेत.

फौजेचा धागा आपल्यापर्यंत पोचतो. कंपनी सरकारच्या मुंबईच्या युरोपियन पलटणींत आयरिश शिपाई पुष्कळ होते. त्यांतली रॉयल बॉम्बे फ्युजिलियर्स १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युजिलियर्सची दुसरी बटालियन झाली. पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या अँग्लो-इंडियन कुटुंबाला असा पूर्वज शोधायचा असेल, तर सुरुवात आयर्लंडातून करू नये. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेची सूची फुकट चाळावी, मग फाइंडमायपास्टवर ब्रिटिश लायब्ररीतल्या मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्मा-विवाह-दफनाच्या नोंदी बघाव्यात. ब्रिटिश फौजेतून सुटल्याचा कागद हाती लागला तर सोनंच, कारण त्यावर जन्माची पॅरिश आणि जवळचं शहर लिहिलेलं असतं. जनगणना जे सांगत नाही ते नेमकं तिथे मिळतं.

आजी-आजोबांपैकी कुणी आयर्लंडात जन्मल्यामुळे नागरिकत्वाचा अर्ज करायचा असेल, तर पडद्यावरचं छायाचित्र छापून चालत नाही. त्यावरचा नोंदणीचा तपशील टिपून घ्या आणि त्याच तपशिलानं नोंदणी कार्यालयाकडून अधिकृत दाखला मागवा.