लेफ्टी फोर्क साध्या फ्रेमवर: हिवाळा, उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

सायकलचं पुढचं चाक धरणारा एका पायाचा फोर्क दिसला की पहिला प्रश्न ठरलेला: चाक वाकडं होत नाही का? नाही होत. कॅननडेलच्या लेफ्टीचा डावा पाय वर-खाली दोन क्लॅम्पांत धरलेला असतो आणि ॲक्सल जाड, टोकाकडे निमुळता. आत चार सपाट बाजूंवर प्रत्येकी २२ अशी ८८ सुई-रोलर बेअरिंग आहेत. जोरात ब्रेक दाबल्यावर साधा फोर्क घर्षणाने अडतो, हा अडत नाही. नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या दगडाळ उतारावर फरक लगेच कळतो. २०१८ साली आलेला लेफ्टी ओचो एकाच क्राउनचा, म्हणजे पाय फक्त खालीच धरलेला, आहे. इथलं सगळं त्याआधीच्या दोन क्लॅम्पांच्या लेफ्टीबद्दल.

दुसऱ्या कंपनीच्या फ्रेमवर तो थेट बसत नाही. १-१/८ इंची किंवा टेपर्ड (खाली रुंद होणाऱ्या) हेडट्यूबसाठी, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीसाठी, तिच्यातून जाणारी वेगळी स्टिअरर नळी मिळते, ती घ्यावी लागते. ती लेथवर बनवून घ्यायच्या फंदात पडू नका, ती तुटली तर दात जातात. क्लॅम्पांमधलं अंतर बहुतेक लेफ्टींत १३७ मिमी असतं, तरी हातातल्या फोर्कवर मोजूनच घ्या. हेडट्यूब आणि हेडसेटचे (हँडल वळवणाऱ्या बेअरिंगचे) वरचे-खालचे कप मिळून या जागेत मावले पाहिजेत. उरलेली जागा स्पेसरने भरायची. हेडट्यूब लांब असेल तर विषय तिथेच संपतो.

जोडणीत सगळ्यात जास्त घोळ होतो तो क्रमाचा. आधी खालचा क्लॅम्प पायावर आणि स्टिअररवर पक्का करा. वरचा क्लॅम्प दोन्हीकडे सैल ठेवून टॉप कॅपने (स्टिअररवरच्या झाकणाच्या बोल्टने) हेडसेटचा खेळ काढा, मग वरचा कसा. वरचा क्लॅम्प पायावर आधीच आवळला तर टॉप कॅप कितीही फिरवा, दाब बेअरिंगपर्यंत पोचतच नाही आणि हेडसेट खडखडत राहतो. पायाचा क्लॅम्पखालचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा ठेवा, ग्रीस नको. टॉर्क (बोल्ट आवळण्याचा जोर) क्लॅम्पवर छापलेला असतो तोच द्या.

यानंतर दोन गोष्टी तपासल्याशिवाय सायकल बाहेर काढू नका. हवा पूर्ण सोडून फोर्क तळापर्यंत दाबा आणि टायर खालच्या क्लॅम्पला लागत नाही ना ते बघा. टायर घासला तर चाक जागेवर थांबतं. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा: पाय किंवा क्लॅम्प डाउनट्यूबवर आपटत असेल तर रबराचा ठोकळा लावा. कार्बन फ्रेमवर असा रोजचा आघात नकोच. नव्या फोर्कची लांबी जुन्यापेक्षा २० मिमीने बदलली तर हेड अँगल (हेडट्यूबचा जमिनीशी कोन) साधारण एक अंशाने बदलतो, हेही लक्षात असू द्या.

चाकाला लेफ्टीचाच हब (मधला तुंबा) लागतो. बोल्ट १५ न्यूटन-मीटर. सोडवताना तो आधी ढिला होतो, मग पुन्हा जड जातो. घाबरू नका, तोच हबला बाहेर ढकलत असतो. चाक सरळ करायच्या ट्रुइंग स्टँडवर हा हब बसत नाही, त्यासाठी मात्र हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवर अडॅप्टर करून घेणं सोपं.

चाक काढायचं तर आधी डिस्क ब्रेकचा कॅलिपर उतरवावा लागतो, कारण चाक आडवं सरकतं आणि रोटर (ब्रेकची चकती) पॅडमध्ये अडकलेला असतो. अडॅप्टर असेल तर कॅलिपर त्याच्यासकट काढा, म्हणजे मधली जुळवणी हलत नाही. उलट पंक्चरसाठी चाक काढायचीच गरज नाही: उजवी बाजू मोकळी असल्याने ट्यूब जागेवरच बदलता येते. गोरेवाड्याकडे बाभळीचे काटे ज्यांना भेटतात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण नागपूरसाठी याचा खरा फायदा काळ्या मातीत आहे. साध्या फोर्कच्या कमानीखाली चिखल साचून चाक जाम होतं. लेफ्टीला कमानच नाही. पुढचं चाक फिरत राहतं, अडकलंच तर मागचं अडकतं.

उन्हाळ्यात लक्ष द्यायचं ते हवेकडे. जानेवारीत १२ अंशांना १०० पीएसआय भरलेली हवा, गळती नसेल तर, मे महिन्यात ४२ अंशांना ११२च्या आसपास जाते आणि फोर्क दगड होतो. सॅग (आपल्या वजनाने फोर्क किती दबतो ते) मोजायला नळीवरच्या ओ-रिंगचा उपयोग नाही, नळी रबरी बुटात झाकलेली असते. खालच्या क्लॅम्पपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत टेप लावा, आधी रिकामं, मग बसून. १०० मिमी ट्रॅव्हलला (फोर्क दबण्याच्या एकूण अंतराला) २० ते २५ मिमी फरक यावा.

या बुटाला चीर पडली किंवा त्याचा झिप-टाय सैल झाला की धूळ थेट सुयांवर जाते. प्रेशर वॉशर तिथे कधीच नको.

मूळ दुखणं बेअरिंग सरकण्याचं. सुयांच्या पट्ट्या हळूहळू जागा सोडतात आणि ट्रॅव्हल कमी होत जातं. बरेच जण ते हवेच्या माथी मारतात. हवा पूर्ण सोडा, हँडलवर वजन टाकून फोर्क जोरात तळापर्यंत काही वेळा दाबा, मग हवा भरा. तरीही पूर्ण दबत नसेल तर पाय उघडावा लागेल आणि त्याला खास पाना लागतो. नंतरच्या हायब्रिड लेफ्टीत खाली बुशिंग आल्याने हा त्रास गेला. पर्याय असेल तर तोच घ्या.

ज्याला दर आठवड्याला चाक काढून सायकल डिकीत टाकायची असते त्याने याच्या वाटेला जाऊ नये. जुना घेणार असाल तर हब, त्याचा बोल्ट आणि दोन्ही क्लॅम्प सोबत मागा, सुटे मिळवताना नाकी नऊ येतात. आणि पैसे देण्याआधी हवा सोडून तो पूर्ण दाबून बघा.