आरएक्स १००ला नव्या रिंगा: आठ महिन्यांचा वापर

माझी आरएक्स १०० म्हणजे १९९५ची यामाहाची टू-स्ट्रोक मोटरसायकल, जिच्या इंजिनात वंगणाचं तेल पेट्रोलबरोबरच जळतं. तिला डांबरी रस्ता फारसा ठाऊक नाही. मडगार्ड वर उचललंय, मागे मोठ्या खाचांचा टायर आहे, आणि रविवारी साताऱ्याजवळच्या माळावर धूळ खायची एवढंच तिचं काम. तिला दोन वर्षांत दोनदा रिंगा टाकल्या, म्हणजे पिस्टनभोवतीची, वायू निसटू न देणारी कडी. पहिल्या वाया गेल्या. दुसऱ्या आठ महिने धडधाकट आहेत.

पहिल्या वेळी गॅरेजवाल्याने होनिंग (सिलिंडरची आतली भिंत बारीक घासून खरखरीत करणं) न करताच रिंगा चढवल्या आणि बजावलं, "पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही." मी शहाण्या मुलासारखं ऐकलं. सहाशे किलोमीटर झाले तरी किक लोण्यासारखी मऊ, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबच नाही, आणि मागे निळा धूर. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, आधीच काचेसारखं गुळगुळीत होतं, त्यात मी गाडी पाळण्यात घातल्यासारखी चालवली. रिंग स्वतःच्या ताणाने बोअरला थोडीच दाबली जाते. खरा दाब येतो तो जळलेल्या वायूचा, जो रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो. इंजिनावर भारच नसेल तर तो दाब येणार कुठून? रिंग नुसती घसटत राहते, बसत नाही, म्हणजे बोअरला घट्ट जुळत नाही.

दुसऱ्यांदा हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, मी घरीच उघडलं. लेथवाल्याने माप घेतलं. बोअर वाढवून ओव्हरसाइझ (मोठा) पिस्टन घालायची गरज नव्हती, नुसतं होनिंग पुरलं. बोअरमध्ये फुलीसारखे तिरके ओरखडे दिसले पाहिजेत, तेल त्यातच टिकतं. रिंग बोअरमध्ये ठेवून उलट्या पिस्टनने सरळ खाली सरकवली आणि फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) रिंगेच्या दोन टोकांमधली गॅप तपासली. पिस्टनच्या खाचेत छोटी पिन असते, रिंगेची टोकं तिच्या दोन बाजूंना बसली पाहिजेत. रिंग फिरली तर टोक पोर्टात (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या भोकात) अडकून तुकडा पडतो. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) क्लिपा नव्याच घ्या, जुन्या वापरायचा कंजूषपणा नको.

माझ्या गाडीचा तेल आपोआप पुरवणारा ऑइल पंप काढलेला आहे, त्यामुळे तेल टाकीतच मिसळतो. पहिल्या पाच लिटरना लिटरमागे ४० मिली, नंतर ३०. काही जण प्रेमापोटी ६०-७० ओततात. तेल वाढलं की कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (बारीक छिद्रातून) पेट्रोल कमी जातं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन उलट जास्त तापतं.

पहिल्या दिवशी स्टँडवर चालू केली, हेडला हात लावणं अवघड झालं की बंद. पूर्ण गार होऊ दिली. असं तीनदा. नुसतं आयडलवर तासभर गुरगुरत ठेवू नये, प्लग मात्र काळा होतो. गार इंजिनावर हेडचे नट पुन्हा फुलीच्या क्रमाने आवळले. मग हलका चढ धरला: तिसऱ्या गिअरमध्ये काही सेकंद अर्धा ते पाऊण थ्रॉटल, मग सोडायचा, पुन्हा उघडायचा. एकाच वेगाने लांब पल्ला नाही, टॉप गिअरमध्ये ओढत नेणं तर मुळीच नाही. दुसऱ्या टाकीपासून किकेला असा जोर आला की वजन टाकलं तरी पाय क्षणभर वरच राहायचा.

एकदा मात्र जीव घशाशी आला. पसरणी घाटातून वाईकडे उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गिअरवर गाडी आवरत होतो. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबरच मिळतं. इंजिन जोरात फिरतंय आणि थ्रॉटल बंद, म्हणजे बोअर जवळजवळ कोरडं. आवाज रुक्ष झाला तसा क्लच दाबला आणि थ्रॉटलला दोन झटके दिले. वाचलो. आता उतारावर दर थोड्या वेळाने हे करतोच.

चौथ्या महिन्यात हवेच्या फिल्टरचा फोम शिवणीवर उसवलेला सापडला. माळावरच्या धुळीपुढे कुठल्याच रिंगा टिकत नाहीत, कारण टू-स्ट्रोकमध्ये धूळ क्रँककेसमधूनच (इंजिनाच्या खालच्या कप्प्यातून) वर जाते, बेअरिंगलाही सोडत नाही. सायलेन्सर काढून पोर्टातून डोकावलो. बोअरवर दोन बारीक उभ्या रेघा, रिंगा चकचकीत. आता दर दुसऱ्या फेरीनंतर फोम धुऊन तेल लावतो.

आज प्लग कॉफीच्या रंगाचा आहे, धूर सकाळी दोन मिनिटं. परवा पुन्हा पोर्टातून पाहिलं. रिंगांखाली पिस्टन अजून पांढरट आहे, पहिल्या वेळी तिथे निसटलेल्या वायूचे तपकिरी डाग उतरले होते. गजन पिनची खडखड मात्र सुरू झालीय, बेअरिंग मागवलंय.