चिठ्ठी नसेल तर इथे जाऊ नका

सांगलीत विश्रामबागला, दातांच्या दवाखान्याखाली एक जुनं मेडिकल आहे. सर्दीला अ‍ॅझिथ्रो (अ‍ॅझिथ्रोमायसिन, जंतूंवरचं अँटिबायोटिक) मागितली की काउंटरवरचे अण्णा आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागतात. नसली तर सरळ "वाफ घ्या" म्हणतात. गिऱ्हाईक म्हणतं, पलीकडं असंच मिळतंय. "मग तिकडनंच न्या की!" मला हा खडूसपणा आवडतो.

मामंजींना लघवीच्या इन्फेक्शनसाठी मिरजेच्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून दिलं. अण्णांनी पाकिटावर वेळ लिहिली आणि विचारलं, "बाबा, दूध कधी पिता?" सकाळी उठल्या उठल्या, पेलाभर, म्हशीचं. मग गोळी दुधाआधी दोन तास, नाहीतर दुधानंतर सहा तासांनी. दुधातलं कॅल्शियम ह्या गोळीला धरून बसतं आणि औषध रक्तात कमी उतरतं. अ‍ॅसिडिटीच्या पांढऱ्या औषधाचंही तेच.

पण लेकीच्या कानाला अमॉक्सिसिलिन आणलं तेव्हा दुधाचं कुणी बोललं नव्हतं, असं मी म्हटलं. त्यावर उत्तर लांबलं. अमॉक्सिसिलिनला दुधाचं वावडं नाही, आणि त्याचं कामही निराळं. ते जंतूला त्याची भिंत बांधू देत नाही. आपल्या पेशींना तसली भिंतच नसते, म्हणून त्या वाचतात. काही जंतू हे औषधच तोडणारं एन्झाइम सोडतात, ते निकामी करायला जोडीला क्लॅव्ह (क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड). सिप्रो जंतूच्या डीएनएचा पीळ सोडवणारी एन्झाइमं अडवतं. अ‍ॅझिथ्रो आणि डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) दोन्ही जंतूच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, चिकटून ते काम थांबवतात, फक्त चिकटायची जागा वेगळी. सर्दीच्या विषाणूकडे ना भिंत ना स्वतःचा रायबोसोम, मग गोळी मारणार कशाला? मागे रांगेतले काका घड्याळ बघत होते, पण कान इकडेच.

सेफिक्सिम, लेव्होफ्लॉक्सासिन असलं काही असेल तर पेशंटचं नि डॉक्टरांचं नाव रजिस्टरला चढतं. २०१४ पासून सरकारच्या एच-१ (जादा कडक नियमांच्या) यादीतल्या औषधांना ते सक्तीचंच आहे. इथे खरंच लिहितात, आणि फार सावकाश लिहितात. संध्याकाळी सातनंतर गेलात तर ताटकळायची तयारी ठेवा. डिस्काउंट मागू नका. घरपोच देत नाहीत, रविवारी दुपारनंतर बंद, आणि चारचाकी लावायला जागा नाही.