शंभर तास वाजवा, मग आवाज खुलेल

घरी हाय-फाय स्पीकर बांधणाऱ्यांना नकली वूफर (खर्जाचा स्पीकर) खपवायचा एक ठरलेला डाव सध्या चालू आहे. माझे २६,००० रुपये, दोन कॅबिनेटचं एमडीएफ लाकूड आणि मिस्त्रींची मजुरी त्यात गेली. वूफर मागवायच्या बेतात असाल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

मला एका डॅनिश कंपनीचा साडेसहा इंची वूफर हवा होता. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला चौकशी केली, तिथे ते मॉडेल नव्हतं. थेट परदेशातून मागवायचं तर कस्टम ड्युटीसकट हिशेब खूपच वर जात होता. तेवढ्यात सोशल मीडियावर एका विक्रेत्याची जाहिरात दिसली: स्टुडिओच्या ऑर्डरमधून उरलेली नवी जोडी, भाव बाहेरून मागवण्याच्या खर्चाच्या साधारण पाऊणपट. हा पाऊणपट भाव फार विचार करून ठरवलेला असतो. निम्म्या किमतीत कुणी देऊ लागला तर आपल्याला लगेच शंका येते. पाऊणपटीला वाटतं, माणूस अडकलेला माल मोकळा करतोय. खोक्याचे, मागच्या स्टिकरचे, सिरीयल नंबरचे फोटो मागितल्याबरोबर आले. वर दोन्ही वूफरचे इम्पीडन्स ग्राफही आले, म्हणजे कुठल्या सुराला वूफरचा रोध किती ते दाखवणाऱ्या रेषा.

त्या ग्राफबद्दल सविस्तर सांगायलाच हवं, कारण भल्याभल्यांचा विश्वास तिथेच बसतो. मोजमापं पाठवणारा माणूस लबाड कसा असेल, असं वाटतं. पण दोन्ही ग्राफ शेजारी ठेवून पाहा. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन वूफरचा रेझोनन्ससुद्धा (वूफरचा पडदा ज्या सुराला आपसूक डोलतो तो, ग्राफवर तिथे शिखर येतं) एक-दोन हर्ट्झनं मागेपुढे असतो, शिखराची उंची थोडी वेगळी असते. इथे दोन्ही रेषा तंतोतंत एक होत्या आणि कंपनीच्या डेटाशीटमधल्या (छापील माहितीपत्रकातल्या) रेषेशीही जुळत होत्या. म्हणजे कुणी काही मोजलंच नव्हतं, डेटाशीटचंच चित्र नावं बदलून पाठवलं होतं.

आता यात लाकूड का वाया जातं ते सांगतो. स्पीकरची पेटी अंदाजानं बनत नाही. अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात जे गणित मांडलं, त्यावरच आजही पेटी ठरते. वूफरचा रेझोनन्स, त्याचा क्यूटीएस (त्या सुराला पडद्याचं डोलणं किती आवरलं जातं ते; आकडा मोठा तेवढा आवर कमी) आणि व्हीएएस (त्याच्या सस्पेन्शनइतकी लवचीक हवा किती लिटर ते) हे तीन आकडे हातात असले की पेटी किती लिटरची आणि पोर्ट, म्हणजे पेटीतली हवेची नळी, किती लांबीचा ते निघतं. माझ्या डेटाशीटवर रेझोनन्स ३८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.३६ आणि व्हीएएस ३० लिटर होतं. त्यावरून २२ लिटरची, ४० हर्ट्झला ट्यून केलेली पोर्टची पेटी आली. माल यायच्या आतच मिस्त्रींनी १८ मिलिमीटर एमडीएफ कापून, राऊटरनं गोल काढून, आतल्या पट्ट्या चिकटवून पेट्या तयार केल्या होत्या. हा छंद असलेले बहुतेक सगळे असंच करतात आणि विक्रेत्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

वूफर बसवले आणि खर्जात नुसता घुमारा. तबल्याचा बायाँ वाजला की मींड ऐकूच येईना, प्रत्येक घाव एकाच सुरात फुगून यायचा. विक्रेत्याला फोन केला. आवाज अगदी गोड. म्हणाला, ‘‘सर, नवीन माल आहे, सस्पेन्शन कडक असतं. शंभर तास वाजवा, मग आवाज खुलेल. नाही खुलला तर मी बसलोय ना!’’

सगळा डाव या एका वाक्यात आहे. रोज दोन-तीन तास ऐकणाऱ्या माणसाचे शंभर तास भरेपर्यंत महिना उलटतो, आणि बिलाच्या मागे बारीक अक्षरात परतीची मुदत असते सात दिवसांची. वाक्य पूर्ण खोटंही नसतं, म्हणून ते पचतं. नवा वूफर वाजवल्यावर स्पायडर आणि सराउंड (पडद्याला धरून ठेवणाऱ्या लवचीक कड्या, म्हणजेच सस्पेन्शन) सैल होतात, रेझोनन्स थोडा खाली येतो. पण थोडाच. शिवाय मॅग्नेट आणि कॉइलची ताकद कितीही तास वाजवलं तरी वाढत नाही. माझ्या वूफरचा मोजलेला रेझोनन्स ६७ हर्ट्झ होता आणि क्यूटीएस ०.८. असा वूफर पोर्टच्या पेटीत घुमणारच. ६७ वरून ३८ वर आणणारं बर्न-इन, म्हणजे वाजवून सैल करणं, जगात नाही.

मल्टिमीटरवर मात्र कॉइलचा रोध ५.८ ओहम आला होता, डेटाशीटप्रमाणे अगदी बरोबर. बहुतेक लोक एवढंच तपासतात, म्हणून नकली माल बनवणारे तेवढं नेमकं जुळवतात. खरी गोष्ट वजनात उघडी पडली. डेटाशीटवर १.९ किलो लिहिलेला वूफर घरच्या काट्यावर १.३ भरला. मागचं रबरी कव्हर सुरीनं सोडवलं, तर आत कव्हरपेक्षा बराच लहान मॅग्नेट आणि भोवती फोमची पट्टी गुंडाळलेली. बास्केट, म्हणजे वूफरचा सांगाडा, त्या कंपनीचीच होती, पण जुनी: स्क्रूच्या भोकांभोवती आधीच्या वापराचे ओरखडे, स्पायडरच्या कडेला गोंदाचे वेडेवाकडे ओघळ. कुठल्या तरी जळक्या वूफरचा सांगाडा घेऊन त्यात स्वस्तातला कोन (पडदा), कॉइल आणि मॅग्नेट घातला होता. असं रिकोन करणं, म्हणजे जुन्या सांगाड्यात नवे भाग घालणं, हा प्रामाणिक धंदा आहे, चांगले कारागीर तो करतात आणि तसं सांगून करतात. इथे त्यावर नव्याचा स्टिकर लावला होता.

त्याच माणसाकडून घेतलेला क्रॉसओव्हरचा (आवाजातला खर्ज आणि वरचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटचा) मालही मग तपासला. पॉलिप्रॉपिलीन म्हणून दिलेल्या जाडजूड कॅपॅसिटरच्या नळकांड्यात छोटा, स्वस्त प्रकारचा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर आणि भोवती राळ. ‘शुद्ध तांब्याची’ वायर ब्लेडनं खरवडली तर आत चंदेरी ॲल्युमिनियम, त्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट रोधाचं.

तेव्हा वूफर हातात आला की पहिल्याच दिवशी मोजा. मोठं यंत्र लागत नाही. वूफरशी १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा, ॲम्प्लिफायर अगदी हळू ठेवा, मोबाईलवरच्या टोन जनरेटरनं २० ते १५० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर जा आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून वूफरच्या टोकांवरचं व्होल्टेज बघत राहा. जिथे ते सर्वात जास्त होईल तो रेझोनन्स. वूफर टेबलावर पालथा ठेवू नका, मोकळ्या हवेत उभा धरा. लॅपटॉप असेल तर आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर याच जोडणीवर पूर्ण रेष काढून देतं. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, त्यात वजनाचा काटाही येऊ द्या. बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहायला लावा. माझ्या बिलावर फक्त ‘स्पीकर पार्ट्स’ लिहिलं होतं, आणि ‘मी तो माल दिलाच नाही’ म्हणायला त्याला तेवढं पुरलं.

पैसे ऑनलाइन पाठवल्यावर माल आलाच नाही किंवा समोरचा गायब झाला, तर त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. तिथे उशीर झाला की पैसे पुढे सरकतात. माल आला पण नकली निघाला, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे विक्रेता दुसऱ्या शहरातला असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

माझी तक्रार आयोगात दाखल आहे. विक्रेत्यानं माझा नंबर ब्लॉक केलाय. दरम्यान नागपूरच्या एका गृहस्थांशी ओळख झाली, त्यांनीही याच माणसाकडून हेच मॉडेल घेतलंय. त्यांच्या आणि माझ्या जोडीवरचे सिरीयल नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत सारखेच आहेत. तो फोटो आता तक्रारीला जोडलाय. तुमच्याकडेही अशी ‘स्टुडिओतून उरलेली’ जोडी आली असेल तर आधी वजन करा, स्टिकरचा फोटो काढा, आणि कव्हर स्वतः न सोडवता तसंच ठेवा. आयोगापुढे तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायची वेळ आली, तर ते जसंच्या तसं लागेल.